गुणाजीकाकांच्या घरचं थंड पाणी

मालवणच्या हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात माझ्या हातून एक पराक्रम घडला. मी शेजारच्या घरी जाऊन पेलाभर पाणी प्यालो. एवढंच. पण संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा घरमालकीण भागूवैनी भाताचा डाव हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

“मास्तर, तुमी भावजींकडे पाणी पिलास?”

“हो. बर्फ घातलेलं होतं. काय गार, काय गार!”

“अरे माझ्या देवा रे!” म्हणत त्या आत गेल्या, आणि त्यांचे यजमान सखारामभाऊ ताटातल्या भातात काहीतरी हरवल्यासारखं शोधू लागले.

भावजी म्हणजे सखारामभाऊंचे थोरले बंधू गुणाजीकाका. दोन्ही भावांची घरं नारळीच्या एकाच आगरात, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. धाकट्याच्या घरी मी खोली भाड्याने घेतली होती. माझं गाव कोल्हापूरच्या पलीकडे. फोंडाघाट उतरून एसटीने आलो तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असा होता की सदरा अंगाला चिकटला तो चिकटलाच. त्या दुपारी गडग्यापलीकडून एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला, “मास्तर, थंड पाणी घेतास काय?” मी गेलो. त्यांनी काचेचा पेला पुढे केला, त्यात बर्फ किणकिणत होता. ज्या वाडीत अजून विजेचा खांब उभा राहिला नव्हता तिथे बर्फ! मी घटाघटा प्यालो आणि निर्लज्जासारखं आणखी मागितलं. मी पीत असताना तो माणूस माझ्या गळ्याकडे बघत होता, पाणी खरंच खाली उतरतंय की नाही याची खात्री करून घेत असल्यासारखा.

“तो मड्याचो बरफ,” भागूवैनींनी बाहेर येऊन मला शेवटी सांगून टाकलं. “थंय कोण पाणी पियत नाय. आमी तर नायच नाय.”

मग हळूहळू सगळी हकीकत कळली. गुणाजीकाकांचं उभं आयुष्य आगबोटीवर गेलं. मुंबईहून परदेशी जाणाऱ्या बोटींवर ते आधी बटलरच्या हाताखाली होते, पुढे स्वतः बटलर झाले. लग्न करायचं राहून गेलं. कारण विचारलं की म्हणायचे, “बोट धक्क्याक लागा तेव्हा मुली बघूक वेळ गावायचो नाय, आणि वेळ गावलो तेव्हा त्या मुलींक नातवंडां झाली व्हती.” नोकरी संपवून घरी यायचं ठरलं त्या सुमाराला मुंबईत एक साहेब आपलं चंबूगबाळं आवरून विलायतेला निघाला होता. त्याच्या बंगल्यातली रॉकेलवर चालणारी थंड पेटी काकांनी घेतली. पांढरी, माणसाच्या छातीइतकी उंच. खाली रॉकेलची टाकी, टाकीवर वात, मागे काळ्या नळ्यांची जाळी. ती मालवणात आली तो दिवस लोक अजून सांगत. बोट समुद्रात उभी, पेटी दोरांनी बांधून पडावात उतरवलेली, आणि काका तिच्या शेजारी नवरदेवासारखे ताठ. भागूवैनी म्हणायच्या, “बायल हाडूची सोडून कपाट हाडल्यान.” म्हणजे बायकोऐवजी कपाट आणलं.

पहिला उन्हाळा मोठ्या आनंदाचा गेला म्हणतात. सगळी वाडी पाणी प्यायला येत होती. कोकमाचं सरबत व्हायचं. म्हाताऱ्या बर्फाचा खडा तोंडात धरून दोन्ही हातांनी गाल दाबायच्या आणि ‘जीव गेलो, जीव गेलो’ करत हसायच्या. काका पडवीत सतरंजी अंथरून बोटीवरच्या गोष्टी सांगत. ऐकायला माणसं होती तोवर त्या माणसाला कशाचीही उणीव नव्हती.

पुढच्या वैशाखात वाडीतले एक वृद्ध गृहस्थ गेले. मुलगा मुंबईला गिरणीत. तार केली तरी बोटीने यायला त्याला दुसरा दिवस उजाडणार, आणि तोवर त्या उन्हाळ्यात बापाला ठेवायचं कसं? या किनाऱ्यावर घरटी एक मुलगा मुंबईला, तेव्हा ही पंचाईत आज एकाची तर उद्या दुसऱ्याची. काका आपण होऊन उठले. पेटीतला होता नव्हता तो सगळा बर्फ भाताच्या तुसात घालून, पोत्यात भरून घेऊन गेले. मुलगा आला, त्याने बापाचं तोंड बघितलं, अग्नी दिला. लोकांनी काकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. आणि त्यानंतर पाणी प्यायला कुणी आलं नाही.

कुणी तसं ठरवलं नव्हतं. कुणी वाईटही बोललं नाही. ज्या पेटीतला बर्फ मड्याच्या पोटावर ठेवला तिच्यातलाच खडा तोंडात घालायचा कसा, एवढीच अडचण. पुढे तर ऐन वेळी कमी पडू नये म्हणून काका एका पत्र्याच्या खोक्यात तूस भरून त्यात बर्फ साठवूनच ठेवू लागले. झालं! कुणाच्या तरी मरणासाठी आधीपासून बर्फ जमवणारा माणूस अशी त्यांची ख्याती झाली. पोराला ताप चढला की डॉक्टर बर्फ आणायला सांगत, तेव्हा आया दारातूनच फडकं पुढे करत आणि बर्फ घेऊन मागे न बघता चालू लागत. तो कपाळावर ठेवायचा, तोंडात नाही. गरज सरो, वैद्य मरो अशी म्हण आहे. इथे गरज काही सरत नव्हती, आणि तरी वैद्याकडे कुणी घडीभर बसत नव्हतं.

भागूवैनींच्या धाकाला मी थोडाच भीक घालतोय! शाळा सुटली की माझा पाय गडग्यापलीकडे वळायचा. पण माझं पिणं जमेत धरलं जात नाही हे लवकरच लक्षात आलं. “तुमी पितास, बरां वाटता,” काका एकदा म्हणाले, “पण तुमी घाटावरचे. तुमका कोणी सांगूकच नाय व्हतां. हंयच्या एका माणसान माझ्या पडवीत बसान पेलो रिकामो करूचो. मगे मी मरूक मोकळो.” ही त्यांची इच्छा. देवाकडे ते दुसरं काही मागत नसावेत.

पेटीचं करण्यात त्यांचा दिवस जाई. सकाळी तोंड धुण्याआधी ते जमिनीवर पालथे पडून वात बघायचे. एवढा उंच म्हातारा, गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून. ज्योत निळी हवी, गोकर्णाच्या फुलासारखी. पिवळी झाली की काजळी धरते, आणि काजळीने वरचं धुराचं नळकांडं चोंदलं की पेटी गार होत नाही. मग ज्योत तेवढ्यापुरती मालवायची, नळकांड्यात टांगलेली पिळाची लोखंडी पट्टी तारेने वर ओढून काढायची, काथ्याच्या कुंच्याने काजळी झाडायची, आणि वात फडक्याने पुसून सारखी करायची. कातरायची मात्र नाही. “वातीक कातर लावलास काय ती शिंगां काढता,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरी काळजी जमिनीची. पेटी अगदी सपाट उभी राहायला हवी. जराशी कलली तरी तिच्या पोटातलं औषध, हा काकांचा शब्द, नळ्यांतून फिरायचं थांबतं. आणि जमीन पडली शेणाने सारवलेली, पावसाळ्यात एका अंगाने दबणारी. काका पेटीच्या डोक्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवायचे. ज्या बाजूने पाणी सांडे त्या बाजूच्या पायाखाली करवंटीचा तुकडा सारायचा. पावसाळी वाऱ्याने ज्योत फडफडू नये म्हणून विणलेल्या झावळ्यांचा आडोसा केला होता. पण वारा अगदीच अडवला तर वात गुदमरते. तेव्हा तो आडोसा किती लांब ठेवायचा यावरून त्यांचं स्वतःशीच भांडण चालायचं. त्यांना सगळंच कळत होतं असंही नाही. पहिल्या वर्षी जास्त आग म्हणजे जास्त थंडी असं समजून त्यांनी वात एवढी मोठी केली होती की आतलं दूध नासलं. आणि अमावास्येला पेटी कमी गार होते, हे मत तर त्यांनी कधीच सोडलं नाही.

“काका, ही थंडी करते तरी कशी?” मी एकदा विचारलं.

“थंडी कोण करता?” ते म्हणाले. “थंडी कोणाक करूक येणा नाय. ही आतली ऊब काढता आणि मागच्या नळ्यांत नेवन सोडता. ऊब गेली काय मागे रवता ती थंडी.”

पेटीच्या मागे खरंच ऊब असे. भिंत आणि ती काळी जाळी यांच्यामध्ये त्यांनी मुद्दाम जागा सोडली होती, जाळीला वारा लागावा म्हणून. पावसाळ्यात काकांचा पंचा तिथे वाळायचा, सादळलेले पापड तिथे कडक व्हायचे, एक लंगडी मांजर तिथेच झोपायची. काकांचं स्टूलही तिथेच. गावाला ठाऊक होती ती पेटीची पुढची बाजू, आणि काका राहायचे तिच्या मागच्या बाजूला. आषाढात मी गेलो की आम्ही दोघं जाळीकडे पाठ करून बसायचो आणि ते एडन बंदरातली एक गोष्ट सांगायचे. ती मला इतकी पाठ झाली होती की मधेच ते अडले तर पुढचं वाक्य मी सांगितलं असतं. खरं सांगायचं तर कंटाळा यायचा. पण उठायला लागलो की ते म्हणायचे, “बसा ओ, पावस आसा.” पाऊस नसला तरी म्हणायचे, आणि मी बसायचो.

एका वर्षी पेटी रुसली. ज्योत निळी, नळकांडं साफ, वाटीतलं पाणी जागच्या जागी, आणि आतलं लोणी मात्र पातळ. काकांनी जाळीला नाक लावून सगळीकडून हुंगून बघितलं. नाकाला झोंबणारा वास आला असता तर खेळच संपला होता, म्हणजे पोटातलं औषध गळून गेलं. तसा वास नव्हता. मग त्यांना साहेबाच्या खानसाम्याने सांगितलेला उपाय आठवला. पेटी उलटी करायची, डोकं खाली नि पाय वर, आणि दिवसभर तशीच ठेवायची.

टाकी काढून घेऊन काका, सखारामभाऊ, एक गडी आणि मी अशा चौघांनी ती अंगणात आणून उलटी केली. तिच्या पोटात डबडब असा आवाज झाला. “बोलली!” काका ओरडले. धूळ बसू नये म्हणून त्यांनी वरून पांढरी चादर घातली आणि दमून शेजारी डोक्याला हात लावून बसले. आता रस्त्याने जाणाऱ्याने काय समजावं? दुपारपर्यंत वाडीभर झालं की गुणाजीची पेटी मेली. आणि माणसं भेटायला येऊ लागली.

“काय रे गुणाजी, असां अचानक?”

“काल सकाळपर्यंत बरी व्हती.”

“वय झालां असतलां.”

“तां काय सांगूचां? सायबाकडे किती वर्सां काढल्यान कोणाक ठावक.”

बायका पदर सावरून पडवीत बसल्या. कुणी पान काढलं. पेटी बंद म्हणून काकांनी मडक्यातलं साधं पाणी पुढे केलं, तर सगळ्यांनी घेतलं. वर्षानुवर्षं रिकामी असलेली ती पडवी भरून गेली. काका एडनची गोष्ट सांगत होते आणि लोक पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत होते. दुखवट्याला आलेली माणसं खिदळत घरी गेली.

सगळे पांगल्यावर काका उलट्या पेटीपाशी येऊन बसले. “बघितलास मास्तर? ही आजारी पडली तेव्हा माणसां इली. बरी झाली काय जातली.”

“मग राहू द्या की तशीच,” मी म्हणालो. “काय अडलंय? घाला मोडीत. लोक येतील, बसतील.”

काकांनी पेटीवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, “तुमची आवस खंय असता?”

“आई ना? गावी.”

“आणि तुमी हंय.”

दुसऱ्या दिवशी पेटी सुलटी करून त्यांनी वात पेटवली. ती बिनतक्रार चालू झाली. पडवीत पुन्हा ते आणि मांजर.

त्यानंतर काही वर्षांनी सखारामभाऊंच्या कुसुमचं लग्न ठरलं. पुतणीवर काकांचा फार जीव. लग्नात गार कोकमसरबत मी करणार, असं ते माझ्यापाशी बोलून बसले होते. भागूवैनींसमोर बोलायची अर्थातच छाती नव्हती. मे महिन्यात, मांडव घालायच्या वेळी वैनीच गडग्यापाशी आल्या.

“भावजी, एक मागतंय. लगीन होयसर ती पेटी बंद ठेया. आणि खोक्यातलो बरफ भायर टाका. माझ्या चेडवाच्या मांडवाशेजारी तो नको.”

“आणि मी?” काकांनी विचारलं.

“तुमचां काय? तुमी चेडवाचे काका. मांडवात तुमीच व्हये. पंगतीत पाण्याचां बघा.”

पाण्याचं बघा! बाई सहज बोलून गेली. काका मात्र मला हाक मारून सांगत सुटले, “मास्तर, माका पाण्याचां काम दिल्यान!” त्यांनी त्याच दिवशी ज्योत मालवली. तुसातला बर्फ माडाच्या बुंध्याशी ओतला आणि तो विरघळेपर्यंत तिथे उभे राहिले.

“मधेच कुणी गेलं तर?” मी विचारलं.

“लगीन होयसर कोण जाता, मास्तर? देवाक काय कळणा नाय?”

लग्नाच्या दिवशी काकांनी बोटीवरचा पांढरा कोट घातला होता. एका हातात तांब्याची कळशी, दुसऱ्या हातात पितळी तांब्या, आणि पंगतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची फेरी. “पाणी? पाणी घेतास?” ते पेले भरत होते, लोक पीत होते, पुन्हा मागत होते. साधं विहिरीचं पाणी, पण वाढणारा हात गुणाजीचा, आणि कुणी नाक मुरडत नव्हतं. एका म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, “गुणाजी, बटलर तो बटलरच!” काकांचा चेहरा असा फुलला होता की बघताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

शेवटची पंगत बसली होती. वरच्या वाडीतले दोघे जण मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले. ते आत येईनात. त्यांनी काकांना खुणेने बोलावलं. वरच्या वाडीतली जानकीआजी गेली होती. तिचा एकुलता एक मुलगा म्हादू मुंबईला. तार केली होती, त्याची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी लागणार होती.

“काका, बरफ व्हयो.”

काका कळशी घेऊन तसेच उभे राहिले. “नाय,” ते म्हणाले.

“असां काय करतास? लगीन आसा म्हणान नाय म्हणतास? म्हादू एकलोच झील तिचो.”

“नाय म्हणजे आसाच नाय रे. पेटी बंद आसा.”

कळशी तिथेच जमिनीवर ठेवून, पांढऱ्या कोटासकट ते गडगा ओलांडून गेले. मी मागोमाग गेलो. पालथे पडून त्यांनी वात पेटवायला घेतली. काड्यांमागून काड्या वाया गेल्या. शेवटी ज्योत लागली, पण पेटी म्हणजे चूल नव्हे. आत गारवा धरायलाच तिला एक दिवस लागतो, बर्फ त्यानंतर. वात मोठी करावी तर काजळी. हे त्यांच्याहून जास्त कुणाला माहीत होतं? तरी ते पुन्हा पुन्हा दार उघडून आत हात घालत होते, आणि दार उघडलं म्हणून स्वतःलाच शिव्या देत होते. गडग्यापलीकडे वाजंत्री चालू होती.

वरच्या वाडीतल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कसंबसं थोपवलं. मग इलाज राहिला नाही. आजीच्या पुतण्याने अग्नी दिला. दुपारी बोट लागली आणि म्हादू उतरला.

तो काकांकडे आला त्यानंतर एक दिवसाने. मी पडवीत होतो. तिशीचा माणूस, डोकं नुकतंच भादरलेलं, डोळे सुजलेले. काका उठून उभे राहिले. तो पडवीच्या कडेला टेकला.

“काका, पेटी बंद व्हती म्हणतत.”

“व्हय.”

“कित्याक?”

भावजयीने सांगितलं म्हणून, असं काका म्हणू शकले असते. पुतणीचं लग्न होतं म्हणून, असं म्हणू शकले असते. दोन्ही खरंच होतं.

“माका पंगतीत पाणी वाढूचां व्हतां,” ते म्हणाले.

म्हादू माडांकडे बघत राहिला. हा आता ओरडेल, अंगावर धावून जाईल असं मला वाटत होतं, आणि तो ओरडला असता तर काकांना सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, “पाणी देया जरा.”

काका मडक्याकडे वळले.

“तां नको. थंड देया.”

काकांनी पेटी उघडली. पेल्यात पाणी ओतलं, बर्फ घातला. म्हादूने पेला एका दमात रिकामा केला, तळाशी उरलेला खडा तोंडात घेतला. मग तो गार पेला एका डोळ्याला लावला, दुसऱ्या डोळ्याला लावला. “आवशीचां तोंड बघूक गावलां नाय, काका,” म्हणाला, आणि पेला खाली ठेवून निघून गेला.

गावच्या एका माणसाने त्यांच्या पडवीत बसून पेटीतल्या पाण्याचा पेला रिकामा केला होता. इतकी वर्षं मागितलं ते मिळालं होतं. काकांनी तो पेला उचलला नाही. “देवान दिल्यान,” ते म्हणाले, “पण कसां दिल्यान बघा, मास्तर.” आणि ते पेटीच्या मागे जाऊन बसले.

भागूवैनी लग्नातले लाडू घेऊन आल्या आणि दारातच रडू लागल्या. “माका काय ठावक व्हतां, भावजी!” काका आतूनच म्हणाले, “तुझी चूक नाय गो. ज्योत माझ्या हातान मालवलंय मी.” त्या दिवसापासून वैनी रोज त्यांना ताट आणून देऊ लागल्या. पण काका गडग्याच्या अलीकडे येईनासे झाले. गणपतीत आरतीला बोलावलं तर म्हणायचे, “ज्योत सोडून कसो येव?” आरती त्यांना घरातूनच ऐकू यायची. नळकांडं झाडण्यापुरती वात मालवायची तीही ते दार लावून, घाईघाईने. आधी लोक त्यांच्याकडे येत नव्हते, आता तेही कुणाकडे जाईनात.

पुढे गावात वीज आली. बंदराजवळ मासळीसाठी बर्फाचा कारखाना निघाला. लाद्याच्या लाद्या हातगाडीवरून जाऊ लागल्या. त्याच बर्फाचं सरबत लग्नात होई, तोच बर्फ कुणी गेलं की घरी नेत. कुणाला काही वाटत नसे. मी चिडून बोललो तर काका हसले. “थंयचो बरफ पण मड्यार जाता मास्तर. पण थंय बनवणारो दिसणा नाय. म्हणान चलता.” आता दारात फडकं पुढे करायलाही कुणी येत नव्हतं.

आणि मग माझी बदली झाली, परत घाटावर. निघायच्या सकाळी निरोप घ्यायला गेलो. काका खूप थकले होते. पालथं पडून वात बघणं आता जमत नव्हतं, त्यासाठी त्यांनी आरशाचा एक तुकडा टाकीपाशी उभा केला होता.

“आता कशाला जाळत बसता रॉकेल?” मी म्हणालो. “कारखाना आहे ना?”

“कारखान्याची वीज जाता.” त्यांनी आरशाचा तुकडा जरासा फिरवला. “मास्तर, एक गजाल सांगतंय, हसा नको. इतक्या जणांक बरफ दिलंय, पण माझ्या वेळेक लागाचोच नाय. वाट कोणाची बघूची? सखाराम हंयच आसा, अग्नी देतलो. सकाळी गेलंय तर दुपारपर्यंत सगळां आटापतलां.”

तक्रार नव्हती त्यांच्या बोलण्यात. उद्या भरती किती वाजता आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला मात्र ते ऐकवेना.

“मी येईन,” मी म्हणालो. “सखारामभाऊंना तार करायला सांगून ठेवा.”

“तुमी? त्या टोकासून? घाट उतरान?”

“हो. मी येईपर्यंत थांबायचं.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मी चेष्टा करतोय का, हे बघत असावेत. मग त्यांनी मान हलवली. “म्हणजे दीसभर तरी लागतलो तुमका,” ते म्हणाले. “बरां. मगे बरफ व्हयो.”

एसटीची वेळ झाली होती. ट्रंक उचलून मी गडग्याबाहेर आलो आणि वळून बघितलं. दार उघडं होतं. काका पेटीसमोर उकिडवे बसून बर्फाच्या साच्यात पाणी ओतत होते, अगदी सावकाश. मी हाक मारली, तर मान न वळवताच त्यांनी एक हात वर केला. ते कामात होते.